दोन कोअर मागितले, मिळाले किती?

महिन्याचा पहिला आठवडा म्हणजे सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांचे दिवस. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंतचे सेक्रेटरी आणि खजिनदार साधारण एकाच वेळी, रात्रीची जेवणं उरकली की लॉगिन करतात आणि ‘बिलं तयार करा’ हे बटण दाबतात. पुढे पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहतं. मग ऐरोलीतल्या ज्या ऑफिसातून हे सॉफ्टवेअर चालतं, तिथे फोन खणखणायला लागतात.

पहिलं निदान ठरलेलं असतं, सर्व्हर कमी पडतोय. डॅशबोर्ड उघडून बघावं तर प्रोसेसरचा वापर जेमतेम तेरा टक्के. मग संशय डेटाबेसवर जातो, तिथून नेटवर्कवर आणि शेवटी रबाळे-महापे पट्ट्यातल्या त्या बिनखिडक्यांच्या डेटा सेंटरवर. मी अशा कामात रोज असतो, म्हणून सांगतो, दोषी बहुतेक वेळा कॉन्फिगरेशनच्या यॅमल फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग लिहून ठेवायच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, एका ओळीत बसलेला असतो. त्या ओळीत इतकंच लिहिलेलं असतं: सीपीयू, दोन.

वाचणाऱ्याला वाटतं, आपल्याला दोन कोअर, म्हणजे प्रोसेसरमधली स्वतंत्रपणे काम करणारी दोन एककं, मिळाले. तसं नसतं. ती ओळ ‘लिमिट’ या शीर्षकाखाली असेल तर तुम्हाला कोअर मिळालेला नसतो, वेळ मिळालेला असतो. सगळा घोळ या फरकातून होतो.

थोडी पार्श्वभूमी, पटकन. कंटेनर हे वेगळं मशीन नव्हे. ती लिनक्सवर चालणारी साधीच प्रोसेस असते, फक्त तिच्याभोवती कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, काही कुंपणं घातलेली असतात. किती मेमरी, किती प्रोसेसर हे ठरवणाऱ्या कुंपणाला सीग्रुप म्हणतात. गुगलच्या इंजिनीअरांनी त्यावर २००६मध्ये काम सुरू केलं आणि २००८च्या जानेवारीत ते लिनक्स २.६.२४मध्ये आलं. असे ढीगभर कंटेनर अनेक मशीनवर चालवणारं आणि सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणजे कुबरनेटिस, ते २०१४मध्ये खुलं झालं. ते स्वतः प्रोसेसर वाटत नाही. आपण यॅमलमध्ये लिहिलेले आकडे सीग्रुपच्या भाषेत उतरवून कर्नलच्या हाती देणं, या बाबतीत एवढंच त्याचं काम. म्हणून काही बिघडलं की शेवटी कर्नलच्या दारातच जावं लागतं.

आकडे दोन प्रकारचे असतात, रिक्वेस्ट आणि लिमिट. दोन्ही मिलिकोअरमध्ये लिहिता येतात, हजार मिली म्हणजे एक कोअर. दिसायला सारखे, काम मात्र पूर्ण वेगळं.

रिक्वेस्ट दोन ठिकाणी वापरली जाते. पॉड (एकत्र चालणारे एक किंवा अधिक कंटेनर) कोणत्या नोडवर, म्हणजे मशीनवर, बसवायचा हे ठरवताना कुबरनेटिसचा शेड्युलर ती बघतो. पॉड बसल्यानंतर कर्नल तिचा उपयोग वाटणीचं प्रमाण म्हणून करतो. म्हणजे नोडवर गर्दी झाली तर ज्याची रिक्वेस्ट जास्त त्याला प्रोसेसरचा वाटा जास्त. गर्दी नसेल तर रिक्वेस्ट कुणालाच अडवत नाही. पाव कोअर मागितलेला कंटेनर रिकाम्या नोडवर बिनदिक्कत दहा कोअर वापरू शकतो, लिमिट नसेल तर.

लिमिट मात्र अडवते, आणि नोड रिकामा असला तरी अडवते. कर्नल वेळेचे तुकडे पाडतो, कुबरनेटिसमध्ये हा तुकडा मुळात १०० मिलिसेकंदांचा. लिमिट दोन असेल तर प्रत्येक तुकड्यात कंटेनरला २०० मिलिसेकंद प्रोसेसर-वेळ मिळतो. हे २०० कसे खर्च करायचे ते त्याचं तो बघेल, दोन कोअरवर पूर्ण शंभर-शंभर किंवा सोळा कोअरवर थोडे थोडे. संपले की पुढचा तुकडा सुरू होईपर्यंत तो गोठतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात.

सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांपुढे आणा. पंप ठरलेल्या वेळीच लागतो आणि टाकी एकदाच भरते. दोन नळ चालू असतील तर पाणी पुढच्या पंपापर्यंत पुरतं. सोळा घरांनी नळ एकदम सोडले तर टाकी काही मिनिटांत कोरडी. दिवसभरात वापरलेलं पाणी दोन्ही वेळेला तेवढंच, पण दुसऱ्या वेळी सगळेच बादल्या घेऊन बसलेले.

आता आपल्या बिलिंगचा हिशोब मांडू. नोडला सोळा कोअर आहेत. एका सोसायटीची बिलं तयार करायला समजा एकूण ५०० मिलिसेकंद प्रोसेसर-वेळ लागतो आणि प्रोग्रॅम सोळा थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, उघडून काम वाटून घेतो. लिमिट नसती तर ५०० भागिले १६, म्हणजे ३१ मिलिसेकंदांच्या आसपास काम संपलं असतं. लिमिट दोन आहे. पहिल्या तुकड्यातले २०० मिलिसेकंद सोळा थ्रेड मिळून साडेबारा मिलिसेकंदांत फस्त करतात. उरलेले साडेसत्त्याऐंशी मिलिसेकंद सगळे थ्रेड थांबून. दुसऱ्या तुकड्यात तेच. तिसऱ्यात उरलेले १०० लागतात आणि काम संपतं. एकूण २०६ मिलिसेकंद, म्हणजे सहापटीहून जास्त. आणि गोठलेल्या काळात नोडवरचे सोळाही कोअर माशा मारत असू शकतात.

आता डॅशबोर्डकडे या. अशी एक विनंती दर दोन सेकंदांनी येत असेल तर २००० मिलिसेकंदांत ५०० वापरले. सरासरी पाव कोअर. लिमिटच्या साडेबारा टक्के. डॅशबोर्डवरचे तेरा टक्के आले कुठून ते आता कळलं असेल. आलेख खोटं बोलत नाही, तो फक्त सरासरी सांगतो, आणि शंभर मिलिसेकंदांत घडणारा प्रकार तीस सेकंदांच्या सरासरीत दिसणार तरी कसा?

रात्रीच्या ड्युटीवर असलेल्या नव्या मुलाशी माझं फोनवर झालेलं बोलणं साधारण असं होतं.

“दादा, ग्राफ तर झोपलाय. तेरा टक्के. मी पॉड वाढवू का?”

“थांब. आधी पॉडच्या आत जा आणि सीपीयू डॉट स्टॅट ही फाइल वाच.”

“कुठे असते ती?”

“एसवायएस, एफएस, सीग्रुप. तिथेच पडलीय. एनआर पीरियड्स आणि एनआर थ्रॉटल्ड, दोन ओळी सांग.”

थोडा वेळ शांतता. मग, “अरे बापरे, दुसरा आकडा पहिल्याच्या अर्ध्याहून जास्त आहे.”

त्या दोन ओळींतच निदान होतं. एनआर पीरियड्स म्हणजे कंटेनरकडे काम होतं असे किती तुकडे गेले. एनआर थ्रॉटल्ड म्हणजे त्यांतल्या कितींमध्ये तो गोठला. दुसऱ्याला पहिल्याने भागा. एखाद-दुसरा टक्का असेल तर मी सोडून देतो, पंचवीस-तीसच्या पुढे गेला की ग्राहकाला जाणवायला लागतं. आकडे कंटेनर सुरू झाल्यापासूनचे असतात, म्हणून एकदा वाचून, मिनिटभराने परत वाचून फरक काढायचा, नाहीतर परवा रात्रीचा त्रास आजचा समजून धावपळ होते. तिसरी ओळ किती वेळ गोठला ते सांगते. सीग्रुपच्या पहिल्या आवृत्तीत ती नॅनोसेकंदांत, दुसऱ्या आवृत्तीत मायक्रोसेकंदांत. हजारपटीचा फरक, आणि जुन्या-नव्या नोडचे आकडे शेजारी ठेवले की भलभलते निष्कर्ष निघतात. मोजमापं गोळा करणारं प्रोमिथियस वापरत असाल तर कंटेनरच्या सीएफएस पीरियड्स आणि थ्रॉटल्ड पीरियड्स या दोन मोजण्या तिथे तयारच असतात. त्यांचा भागाकार डॅशबोर्डवर, वापराच्या आलेखाच्या वर लावावा.

फार जुने नोड सांभाळत असाल तर एक गोष्ट तपासा. लिनक्स ५.४च्या आधीच्या काही कर्नलमध्ये कोटा, म्हणजे तुकड्यातला ठरलेला वेळ, शिल्लक असतानाही थ्रॉटलिंग व्हायचं, तो दोष २०१९मध्ये दुरुस्त झाला. तिथे यॅमल कितीही घासून-पुसून काही होत नाही, कर्नलच बदलावा लागतो.

आता खरा प्रश्न. प्रोग्रॅमने सोळा थ्रेड उघडलेच का? लिमिट दोन आहे हे त्याला माहीत नव्हतं का?

नव्हतं. लिमिट लावली तरी कंटेनरला नोडचे सगळे कोअर दिसतात, कारण त्याला खरोखरच त्या सगळ्यांवर पळायची मुभा असते. पॉडच्या आत जाऊन एनप्रॉक हा कमांड चालवा, उत्तर बहुतेक वेळा सोळा येईल. बरेच प्रोग्रॅम असंच मोजतात आणि तितके कामगार भरती करतात. एनजिन्क्स या वेब सर्व्हरला वर्कर प्रोसेस ‘ऑटो’ ठेवल्या की तो नोडच्या कोअरइतक्या उघडतो. पायथनचं सीपीयू काउंट हे फंक्शन नोडचाच आकडा देतं. गो भाषेतल्या प्रोग्रॅमचंही बरीच वर्षं हेच होतं, म्हणून लोक उबरची ऑटोमॅक्सप्रॉक्स ही लायब्ररी जोडायचे. २०२५मध्ये आलेल्या गो १.२५पासून भाषाच लिमिट वाचून गोमॅक्सप्रॉक्सचा, म्हणजे एकाच वेळी किती थ्रेड पळवायचे त्याचा, आकडा ठरवते.

जावाची गोष्ट जरा जास्त सांगण्यासारखी, कारण ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या ऑफिसांत जावा अजून ढिगाने आहे. जावा १०पासून, आणि जुन्या ८च्या १९१व्या अपडेटपासून, जावाचे प्रोग्रॅम चालवणारा जेव्हीएम कंटेनरची लिमिट ओळखतो, सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी मात्र त्याहून नवा जेव्हीएम लागतो. त्याआधीच्या अपडेटवर कुणी अडकलं असेल तर त्याला सगळा नोडच आपला वाटतो. पण ओळखण्यातही एक गंमत आहे. लिमिट दीड कोअर असेल तर जेव्हीएम वर ओढून दोन धरतो. लिमिट एक किंवा त्याहून कमी असेल तर तो स्वतःला छोटं मशीन समजतो आणि न सांगता साधा, एकाच थ्रेडवर चालणारा कचरा-गोळा करणारा (वापरून झालेली मेमरी मोकळी करणारा भाग) निवडतो. साधारण १७९२ एमबीपेक्षा कमी मेमरी असली तरी तसंच. मग मध्येच सगळं थांबतं आणि लोक कोडमध्ये चूक शोधत बसतात. अ‍ॅक्टिव्ह प्रोसेसर काउंट हा पर्याय देऊन आकडा आपणच सांगितला की हा खेळ संपतो.

म्हणजे उपाय दोन बाजूंनी. थ्रेडची संख्या लिमिटला जुळवायची, नाहीतर लिमिट वाढवायची. आमच्या बिलिंगच्या वेळी थ्रेड सोळावरून चारवर आणले आणि लिमिट चार केली. पॉडची संख्या होती तेवढीच ठेवली.

लिमिट काढूनच टाकावी का, यावर या धंद्यात दोन तट आहेत आणि दोघेही तावातावाने भांडतात. माझं मत असं की क्लस्टर, म्हणजे नोडचा समूह, एकाच कंपनीचा असेल, प्रत्येक पॉडची रिक्वेस्ट प्रामाणिक असेल आणि सेवा ग्राहकाला थेट उत्तर देणारी असेल, तर प्रोसेसरची लिमिट काढायला हरकत नाही. गर्दीत रिक्वेस्ट सगळ्यांना त्यांचा वाटा देतेच. पण क्लस्टर वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना भाड्याने दिलेला असेल, किंवा रिक्वेस्ट कुणीतरी कॉपी-पेस्ट करून भरल्या असतील, तर लिमिट राहू द्या. आणि जावाची लिमिट काढताना प्रोसेसर काउंट आधी भरा, नाहीतर जेव्हीएमला पुन्हा सोळा कोअर दिसतील आणि थ्रेडसोबत मेमरीही फुगेल. मेमरीच्या लिमिटला यातलं काहीही लागू नाही. ती ठेवायचीच. प्रोसेसर कमी पडला तर कंटेनर हळू होतो, मेमरी कमी पडली तर मरतो.

दुसऱ्या जातीची तक्रार वेगळी: पॉड चालूच होत नाही, ‘पेंडिंग’वर अडकलाय, आणि संदेश म्हणतो की पुरेसा सीपीयू नाही. नोडवर वापर बघावा तर वीस टक्के. इथे शेड्युलरचा दोष नाही. तो वापर बघतच नाही, फक्त रिक्वेस्टची बेरीज बघतो. कुणी भीतीपोटी प्रत्येक पॉडला दोन-दोन कोअर मागून ठेवले असतील तर नोड कागदावर भरलेला आणि प्रत्यक्षात रिकामा. डिस्क्राइब नोड हा कमांड चालवून ‘अ‍ॅलोकेटेड रिसोर्सेस’चा भाग वाचा, बेरीज तिथे असते. त्याच्या वर ‘कपॅसिटी’ आणि ‘अ‍ॅलोकेटेबल’ असे दोन आकडे दिसतील. सोळा कोअरच्या नोडवर दुसरा आकडा सोळापेक्षा कमी असू शकतो, कारण क्यूबलेट (प्रत्येक नोडवरचा कुबरनेटिसचा कारभारी) आणि ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वाटा राखून ठेवता येतो. उरलेल्यातून प्रत्येक नोडवर चालणारे लॉग गोळा करणारे, नजर ठेवणारे डीमनसेट आपला हिस्सा घेतात.

सुटे पैसे सगळीकडे, नोट कुठेच नाही, असंही होतं. तीन नोडवर दीड-दीड कोअर शिल्लक, बेरीज साडेचार, पण दोन कोअरचा पॉड एकाही नोडवर मावत नाही. आणखी एक सहज नजरेतून सुटणारी जागा म्हणजे इनिट कंटेनर. मुख्य कंटेनरची मागणी अर्धा कोअर असली तरी सुरुवातीला मिनिटभर चालणाऱ्या इनिट कंटेनरने चार मागितले असतील तर शेड्युलर पूर्ण पॉडसाठी चार शोधतो. आणि यॅमलमध्ये रिक्वेस्ट लिहिलीच नाही, फक्त लिमिट लिहिली, तर रिक्वेस्ट लिमिटइतकीच धरली जाते. नेमस्पेसमध्ये, म्हणजे क्लस्टरच्या त्या विभागात, कुणी लिमिटरेंज (न लिहिलेले आकडे भरणारा नियम) लावून ठेवलेली असेल तर आपण न लिहिलेले आकडेही पॉडला चिकटतात. म्हणून गिटमधलं, म्हणजे कोडच्या साठ्यातलं, यॅमल वाचून वाद घालू नये, क्लस्टरमधून चालू पॉडचं यॅमल बाहेर काढून ते वाचावं.

आपोआप पॉड वाढवणारा ऑटोस्केलरही टक्केवारी रिक्वेस्टच्या तुलनेत काढतो, लिमिटच्या नाही. रिक्वेस्ट १०० मिली आणि वापर २५० मिली असला की त्याला २५० टक्के दिसतात आणि तो पॉडवर पॉड काढत सुटतो. उलट रिक्वेस्ट फुगवलेली असेल तर थ्रॉटलिंगने जीव जात असतानाही तो ढिम्म हलत नाही.

इथपर्यंत आपण वेळेबद्दल बोललो. काहींना खरोखरच अख्खे, दुसऱ्या कुणाचा हात न लागणारे कोअर हवे असतात. टेलिकॉमवाले, शेअर बाजाराचे सौदे हाताळणारे, व्हिडिओवर प्रक्रिया करणारे. त्यासाठी क्यूबलेटमध्ये सीपीयू मॅनेजरची ‘स्टॅटिक’ पॉलिसी असते, कुबरनेटिस १.२६पासून ती स्थिर मानली जाते. तिच्या अटी कडक आहेत. पॉड ‘गॅरंटीड’ वर्गातला हवा, म्हणजे त्यातल्या प्रत्येक कंटेनरची रिक्वेस्ट आणि लिमिट, मेमरीचीसुद्धा, अगदी समान हवी. आणि ज्याला कोअर हवेत त्याची मागणी पूर्णांकात हवी. दीड कोअर मागितले तर वेगळा कोअर मिळत नाही, सामायिक साठ्यातून वेळ मिळतो.

बहुतेकांची विकेट इथे साइडकार, म्हणजे मुख्य कंटेनरच्या शेजारी बसलेला मदतनीस कंटेनर, काढतो. तुम्ही मुख्य कंटेनर अचूक लिहिता आणि सेवांमधली ये-जा सांभाळणारा सर्व्हिस मेश आपला प्रॉक्सी गुपचूप पॉडमध्ये घुसवतो. त्याच्या लिमिट आणि रिक्वेस्टमध्ये फरक असतो, अख्खा पॉड ‘बर्स्टेबल’ वर्गात घसरतो आणि एकही वेगळा कोअर मिळत नाही. एरर कुठेच येत नाही. म्हणून आधी पॉडचा क्यूओएस क्लास, म्हणजे हाच वर्ग, वाचा, मग पॉडच्या आत पहिल्या प्रोसेसच्या स्टेटसमध्ये सीपीयूज अलाउड लिस्ट ही ओळ बघा. तिथे शून्य ते पंधरा दिसलं तर काहीच राखलेलं नाही. चार आणि पाच असे मोजके दिसले तर काम झालं. एनप्रॉकही आता खरं उत्तर देतो, कारण या वेळी मर्यादा वेळेची नसून कोअरचीच आहे.

पॉलिसी बदलण्याची एक रीत आहे, ती मोडली की नोड उठत नाही. सीपीयू मॅनेजर आपली नोंद क्यूबलेटच्या फोल्डरमध्ये सीपीयू मॅनेजर स्टेट नावाच्या फाइलमध्ये ठेवतो. पॉलिसी बदलून नुसता क्यूबलेट रीस्टार्ट केला तर फाइलमधली पॉलिसी वेगळी दिसते आणि क्यूबलेट सुरू व्हायला नकार देतो. क्रम असा: नोड रिकामा करा, क्यूबलेट थांबवा, ती फाइल काढा, नवी पॉलिसी लिहा, सुरू करा. व्हर्च्युअल मशीनचे कोअर वाढवल्यावर असंच झालं तरी संशय आधी त्याच फाइलवर घ्यावा. आणि सिस्टिमसाठी थोडा तरी प्रोसेसर राखून ठेवल्याशिवाय स्टॅटिक पॉलिसी चालूच होत नाही.

हे सगळं तपासून झालं, थ्रॉटलिंग शून्य, रिक्वेस्ट बरोबर, तरी सेवा रेंगाळतेय, असं झालं तर नोडवर टॉप हा कमांड चालवा आणि ‘एसटी’ हा रकाना बघा. तुमचा नोड स्वतःच भाड्याचं व्हर्च्युअल मशीन असेल तर खालचा, व्हर्च्युअल मशीन चालवणारा हायपरव्हायझर तुमच्या वाट्याचा वेळ दुसऱ्या कुणाला देत असू शकतो, आणि तो चोरीला गेलेला वेळ इथे दिसतो. तो सतत शून्याच्या बराच वर राहत असेल तर क्लस्टरच्या आत करण्यासारखं काही उरत नाही. क्लाउडवाल्यांकडे तिकीट टाका, सोबत तारीख-वेळेसह त्या रकान्याचे आकडे जोडा. नुसतं ‘स्लो आहे’ लिहिलेलं तिकीट दुसऱ्या दिवशी बंद होऊन परत येतं.